‘ॲव्हरेज’, ‘टिपिकल’, ‘अप टू’: खोक्यावरच्या आकड्यांचं परीक्षण

मराठीत ‘ॲव्हरेज’ हा शब्द तीन कामं करतो. गाडीचं ॲव्हरेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, पिक्चर ॲव्हरेज म्हणजे जेमतेम, आणि लाइटचं ॲव्हरेज बिल म्हणजे मीटर न वाचताच आलेलं बिल. शाळेत शिकलेली बेरीज-भागाकाराची सरासरी या तिन्हींत कुठेतरी असते, पण दिसत नाही. दुकानातल्या लेबलांवर तर ‘ॲव्हरेज’सोबत ‘टिपिकल’, ‘रेटेड’, ‘नॉमिनल’, ‘अप टू’, ‘पर सर्व्ह’ अशी सगळी भावंडं असतात, आणि गिऱ्हाईक ती एकाच अर्थाने वाचतं. म्हणून या परीक्षणात रोजच्या काही वस्तू आणि सेवा घेऊन लेबलावरचा शब्दच पारखला आहे: तो कसली सरासरी सांगतो, कुठल्या परिस्थितीतली, आणि त्यावर पैशाचा हिशोब बांधावा का.

एसीचं स्टार लेबल: सगळ्यात प्रामाणिक, पण वाचायला शिकावं लागतं

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, या सरकारी संस्थेचं हे लेबल. बहुतेक जण तारे मोजतात आणि पुढे जातात. खरा माल ताऱ्यांखालच्या बारीक अक्षरांत आहे: थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये, आयएसईईआर नावाचा आकडा, आणि वर्षाचा वीजवापर युनिटमध्ये. हा वर्षाचा वापर ‘सरासरी घराचा’ असेल असं वाटतं. तो १६०० तासांचा असतो आणि तसं लेबलावरच लिहिलेलं असतं.

हे १६०० तास बाहेरच्या तापमानानुसार २४ अंशांपासून ४३ अंशांपर्यंतच्या कप्प्यांत वाटलेले आहेत. प्रत्येक कप्प्यात खोलीला किती गारवा लागेल आणि त्यासाठी मशीन किती वीज घेईल हे धरून वर्षाची बेरीज काढतात. मशीन पूर्ण क्षमतेवर आणि निम्म्या क्षमतेवर तपासतात. पूर्ण क्षमतेची चाचणी बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश असताना होते. आयएसईईआर म्हणजे मोसमभर दिलेला एकूण गारवा भागिले मोसमभर खाल्लेली एकूण वीज. ही भारित सरासरी आहे, म्हणजे ज्या कप्प्याचे तास जास्त त्याचं वजन जास्त, आणि चांगली आहे, कारण वजनं कशाची आहेत ते जाहीर आहे.

आता हिशोब. दीड टनाच्या एका एसीवर ७५० युनिट आणि आयएसईईआर ५.२ लिहिलंय असं धरू. तासाला सरासरी ७५० भागिले १६००, म्हणजे ०.४७ युनिट. पुण्यात फक्त बेडरूममध्ये, उन्हाळ्याच्या ६० रात्री, रोज ८ तास एसी चालला तर ४८० तास होतात आणि वापर साधारण २२५ युनिटांचा निघतो. नागपुरात दुकानात भर दुपारी चालणाऱ्या एसीला मात्र ०.४७ हा आकडा लागू करू नये. लेबलाच्या १६०० तासांत सौम्य तापमानाचेही बरेच तास आहेत, तर तिथे मशीन जवळजवळ पूर्ण भारावर चालतं, आणि पूर्ण भाराला दीड टनाचा एसी तासाला सव्वा ते दीड युनिटसुद्धा घेतो. शिवाय चाचणीत खोली २७ अंशांवर आहे. रिमोटवर २० लावणाऱ्याने लेबलातल्या युनिटांची अपेक्षा धरू नये.

तीन तारे घ्यावेत की पाच, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे. वरच्या उदाहरणात मोसमभराचा गारवा ७५० गुणिले ५.२, म्हणजे ३९०० युनिट. तेवढाच गारवा ४.० आयएसईईआरचा (जुलै २०२२ च्या निकषांत तीन तारेवाला) एसी ९७५ युनिटांत देईल. फरक २२५ युनिटांचा, पण तो १६०० तासांना. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये मानले तर वर्षाला २७०० रुपये वाचतात. ४८० तासच चालवलं तर फरक साडेसदुसष्ट युनिटांवर येतो, म्हणजे ८१० रुपये. दोन मशीनच्या किमतीत ८००० रुपयांचं अंतर असेल, तर पहिल्या घरात ते तीन वर्षांत वसूल होतं आणि दुसऱ्या घरात दहा वर्षांत. विक्रेता नेहमी पहिलाच हिशोब सांगतो. आपले तास आपणच सांगायचे.

दोन गोष्टींत फसगत होते. पहिली, ‘दीड टन’ हा नॉमिनल शब्द आहे, म्हणजे वर्गाचं नाव. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, तेव्हा दीड टन म्हणजे ५.२७५ किलोवॅट. दुकानातल्या ‘दीड टनी’ मशीनच्या लेबलावर ४८०० ते ५२०० वॅट सर्रास दिसतात. वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली हा फरक जाणवतो, म्हणून टन विसरून वॅट वाचावेत. दुसरी, तारे कायमचे नसतात. २०१८ पासूनच्या कोष्टकात इन्व्हर्टर एसीला ४.५० वर पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून स्प्लिट एसीच्या पाच ताऱ्यांसाठी ५.०० लागू झालं. ४.६ आयएसईईआरचं तेच मशीन आधी पाच तारे आणि नंतर चार. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर तारे न बघता लेबलावरचा कालावधी आणि आयएसईईआर बघून भाव करावा.

घरी पडताळायचं असेल तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पुरतो. मीटरवर ‘३२०० इम्प’ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सगळं बंद करून, फ्रिजचं बटणसुद्धा, एसी अर्धा तास चालू द्यावा आणि मग ६ मिनिटं लुकलुक मोजावी. १६० वेळा झाली तर ०.०५ युनिट, म्हणजे तासाला अर्धं युनिट. पहिल्या अर्ध्या तासात मोजू नये. त्या वेळी मशीन खोली खाली आणत असतं आणि आकडा दुप्पट-तिप्पट येतो.

गाडीचं ‘ॲव्हरेज’

जाहिरातीतलं लिटरमागचं किलोमीटर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून येतं. कार रस्त्यावर जात नाही, रोलरवर उभी राहून ठरावीक क्रम पार पाडते. मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाचा हा क्रम ११८० सेकंदांचा. त्यात साधारण १०.६ किलोमीटर होतात, वेग जास्तीत जास्त ९०, आणि सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. एसी बंद असतो. पेट्रोलही मापाने ओतून मोजत नाहीत: धुरातला कार्बन मोजून किती इंधन जळलं ते काढतात. चाचणी चोख आहे, पण तिचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता. महिन्याच्या पेट्रोलचं बजेट त्यावर बांधलं तर कोंडीच्या शहरात हमखास कोलमडतं, कारण सिग्नलला उभ्या गाडीचे किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चालूच.

स्वतःचं ॲव्हरेज काढायची पद्धत जुनीच आहे आणि अजूनही तीच बरोबर आहे. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा. ‘राउंड फिगर’साठी वरून आणखी घालू देऊ नका. ट्रिप मीटर शून्य करा. किमान ३०० किलोमीटर चालवा. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने पुन्हा ते बंद होईपर्यंत भरा आणि किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. शंभर किलोमीटरवरच मोजलं तर चार-पाच लिटरच भरतात, आणि नोझल थोडं आधी-नंतर बंद झाल्याने अर्ध्या लिटरची जरी गल्लत झाली तरी उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दोन ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढताना. हायवेवर २०, शहरात १०, म्हणजे सरासरी १५, असं सगळेच म्हणतात. पण दोन्हीकडे ४०-४० किलोमीटर गेलात तर पेट्रोल लागलं २ लिटर आणि ४ लिटर. ८० भागिले ६, म्हणजे १३.३. पंधरा तेव्हाच येतं जेव्हा दोन्हीकडे सारखे लिटर जळतात. अंतर सारखं असेल तर नाही. घाट चढण्या-उतरण्याचंही असंच: चढताना १२, उतरताना २४, तर मिळून १६, अठरा नाही. जास्त पेट्रोल पिणारा टप्पा सरासरी नेहमी आपल्याकडे ओढतो. म्हणून टप्प्यांची ॲव्हरेज लिहून ठेवण्यापेक्षा वहीत किलोमीटर आणि लिटर असे दोनच रकाने ठेवावेत आणि शेवटी एकदाच भागाकार करावा.

‘टिपिकल’ आणि ‘रेटेड’

मोबाइलच्या खोक्यावर ‘५००० एमएएच टिपिकल’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘रेटेड’ म्हणून थोडा कमी आकडा असतो. टिपिकल म्हणजे त्या नमुन्याच्या बॅटऱ्यांची सर्वसाधारण क्षमता: काही बॅटऱ्या थोड्या वर, काही थोड्या खाली. रेटेड म्हणजे कंपनी ज्याखाली जाणार नाही म्हणते तो किमान आकडा. मोबाइलमध्ये दोघांतलं अंतर किरकोळ, त्यावर वेळ घालवू नये.

पॉवर बँकेत मात्र हीच जोडी मोठा घोळ करते, आणि या परीक्षणातलं सगळ्यात वाईट लेबल तिचंच. मोठ्या अक्षरांतले १०,००० एमएएच आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टला मोजलेले. ऊर्जा झाली ३७ वॅट-तास. यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर पडतात, म्हणून तीच ऊर्जा ७४०० एमएएच होते. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये काही जाते. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर हातात ६३००च्या आत-बाहेर. ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून मागच्या बाजूला छापलेला साडेपाच-सहा हजारांचा आकडा हाच, आणि तोच खरा. आता ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास मावतात. पॉवर बँकेतून बाहेर आलेल्या ३१ वॅट-तासांपैकी फोन भरतानाही दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. शिल्लक ऊर्जेत फोन एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा चाळीस-एक टक्के भरतो. ‘दोन वेळा फुल चार्ज’ असं सांगणाऱ्याने दहा हजारांना पाच हजारांनी भागलेलं असतं. विकत घेताना मागची बाजू वाचा. ‘रेटेड’ आकडा छापलेलाच नसेल तर ती पॉवर बँक घेऊ नका.

‘अप टू’: छताचा आकडा

‘अप टू’ सरासरी सांगतच नाही. तो वरची मर्यादा सांगतो, आणि मराठीत त्याला ‘जास्तीत जास्त’ हा नेमका शब्द आहे. एलईडी बल्बवर ‘लाइफ अप टू २५,००० अवर्स’ असतं. रोज ६ तास जळला तर अकरा वर्षं होतात. या तासांचा नेहमीचा अर्थ असा, की तेवढ्या वेळाने उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. म्हणजे हा आकडा बल्ब जाण्याचा नसून अंधुक होण्याचा आहे. घरात बल्ब जातो तो बहुतेक वेळा आतल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे: उष्णतेने कपॅसिटर सुकतो. बंद काचेच्या गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये हवा न लागणारा बल्ब म्हणूनच लवकर जातो. तासांपेक्षा वॉरंटीची वर्षं बघावीत, आणि बिल जपून ठेवावं.

जुन्या पिवळ्या बल्बचं ‘ॲव्हरेज लाइफ १००० अवर्स’ त्या मानाने सरळ होतं. चाचणीला लावलेल्या बल्बांपैकी निम्मे गेले की तो वेळ मोजत. दहावीच्या गणितातल्या भाषेत तो मध्य नाही, मध्यक आहे. आपला बल्ब सहाशे तासांत गेला तरी लेबल खोटं ठरत नव्हतं.

ब्रॉडबँडचं ‘अप टू १०० एमबीपीएस’ थोडक्यात: हे बिट आहेत, फाइलचा आकार बाइटमध्ये असतो, म्हणून ८ ने भागायचं. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, एक जीबीला ८० सेकंद. तपासणी लॅपटॉपला केबल लावून करावी, रात्री ९ ते ११ मध्ये आणि सकाळी लवकर, दोन्ही वेळा. वायफायवर केलेल्या चाचणीत कंपनीचा वेग आणि आपल्या भिंती वेगळ्या काढता येत नाहीत.

पाकिटावरचं वजन आणि ‘पर सर्व्ह’

निव्वळ वजनाच्या बाबतीत आपला कायदा चांगला कडक आहे. तिथे ‘ॲव्हरेज’, ‘अबाउट’, ‘अप्रॉक्स’ असले शब्द चालत नाहीत, ठाम आकडाच छापावा लागतो. पण तपासताना सरासरी येतेच. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार, तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये, आणि एकेका पाकिटाला थोडी सूट असते: १०० ते २०० ग्रॅमला ४.५ टक्के, ५०० ग्रॅम ते १ किलोला १५ ग्रॅम, १ ते १० किलोला १.५ टक्के. म्हणजे ५ किलो आट्याच्या पिशवीत ७५ ग्रॅमपर्यंत कमी भरलं तर ती एकटी पिशवी दोषी नाही. पण ओळीने चार पिशव्या कमी भरल्या तर वैधमापन कार्यालयाकडे तक्रार करण्यासारखी बाब आहे. घरी तोलताना रिकामी पिशवी वजा करायला विसरू नका.

‘पर सर्व्ह’चं मात्र सावध राहून वाचावं, कारण सर्व्ह किती मोठं ते उत्पादक ठरवतो. १८० ग्रॅम चिवड्याच्या पाकिटावर ३० ग्रॅमचं सर्व्ह धरलंय आणि १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे असं समजा. एका सर्व्हला २४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या २००० मिलिग्रॅमच्या १२ टक्के. आकडा निरुपद्रवी दिसतो. पाकीट चौघांत संपलं तर प्रत्येकी ३६० मिलिग्रॅम, आणि एकट्याने संपवलं तर १४४०, दिवसाच्या ७२ टक्के. टक्क्यांचा रकानाही दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसाचा आहे, सहा वर्षांच्या मुलाचा नाही. दोन पाकिटांची तुलना करताना फक्त १०० ग्रॅमचा रकाना वाचावा.

‘ॲव्हरेज बिल’

ही सेवा आहे, आणि हिच्यातली सरासरी थेट खिशाला लागते. बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आर.एन.ए.’ (रीडिंग मिळालं नाही) दिसलं की बिल अंदाजाचं आहे हे समजावं. दोन प्रकार वेगळे ओळखावेत. मीटर चालू आहे पण वाचलं गेलं नाही, तर पुढचं खरं रीडिंग आलं की फरक आपोआप जुळायला हवा. मीटरच बंद पडलंय, तर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या संहितेनुसार आधीच्या १२ महिन्यांच्या मोजलेल्या वापराची सरासरी धरतात, आणि तीही जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी. या सरासरीत एप्रिल-मेचे एसीचे महिने मिसळलेले असतात, त्यामुळे मीटर हिवाळ्यात बंद पडलं तर बिल फुगतं आणि उन्हाळ्यात पडलं तर कमी येतं. म्हणून बंद मीटरची तक्रार लेखी करावी, तारखेसह पोच घ्यावी आणि मीटर लवकर बदलून घ्यावं.

दुसरा धोका साचलेल्या रीडिंगचा. दोन महिने अंदाजाने बिलं आली आणि तिसऱ्या वेळी एकदम ४५० युनिट दिसले, तर ते एका महिन्याचे म्हणून लावले जाऊ नयेत. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ४५० एकाच महिन्यात धरले तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १५० महागड्या तिसऱ्यात जातात. तीन महिन्यांत वाटले तर महिन्याला १५० युनिट पडतात: एकूण ३०० पहिल्या टप्प्यात, १५० दुसऱ्यात, तिसऱ्यात काहीच नाही. आधी भरलेली अंदाजाची रक्कमही यातून वजा व्हायला हवी. बिलाच्या मागच्या पानावर टप्पेवार युनिट छापलेले नसतील तर कार्यालयात तो तपशील मागावा.

आणि हे सगळं टाळायचं असेल तर महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येतं. मीटरचा फोटो काढताना केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) असं लिहिलेलाच आकडा पडद्यावर येईपर्यंत थांबा. मीटरवर तारीख, वेळ, कमाल मागणी असे आकडे आळीपाळीने फिरत असतात, आणि चुकीच्या आकड्याचा फोटो गेला की रीडिंग नाकारलं जाऊन पुन्हा ॲव्हरेजच लागतं.